लाल बटणाचा रिचार्ज

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी कुडव्याहून नवेगावबांधला जायचे होते. भाड्याच्या टॅक्सीत मागच्या सीटजवळ लाल बटण दिसले. चालक ओळखीचा, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. विचारले, "भाई, हे दाबले तर काय होते?"

तो हसला. "काही नाही मॅडम, ते पासिंगपुरतं आहे. त्याच्या सिमची मुदत संपली."

हे बटण उगाच आलेले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या बसमध्ये जे घडले, त्यानंतरच्या संतापातून ते आले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस-टॅक्सींना गाडीचे ठिकाण कळवणारे यंत्र आणि हे बटण सक्तीचे झाले. रिक्षा वगळल्या. (माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली रिक्षानेच येतात, ते असो.)

यंत्राला उपग्रहाकडून ठिकाण कळते, पण ते केंद्रापर्यंत पोचवायला आतले सिम चालू लागते. कोहमाऱ्यापुढे जंगलात रेंज गेली, तर नोंदी यंत्रात साठतात आणि रेंज आल्यावर जातात. गाडी कुठून गेली ते उशिरा कळले तरी चालते, मदत उशिरा येऊन कशी चालेल? आणि सिमच बंद असेल तर रेंज असून नसून सारखेच.

या सिमचा खर्च गाडीमालकाच्या माथी. गाडीचे हप्ते, विमा, डिझेल, त्यात हा एक. त्याने तो टाळला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. ११२ ला फोन करताना बॅलन्स लागत नाही, मग संकटाच्या बटणाला का लागावा? हा खर्च सरकारने उचलावा, किंवा गाडी विकतानाच तिच्या पूर्ण आयुष्याचा घ्यावा.

चालकाने उतरताना वेगळेच विचारले, "मॅडम, सिम चालू केले तर मी कुठे कुठे जातो, हे कोण कोण बघणार?" आमच्या मोहल्ल्यात असा प्रश्न विचारणाऱ्याकडेच संशयाने बघतात, म्हणून तो बहुधा विचारलाच जात नाही. पण प्रश्न रास्त आहे. ही माहिती अमानत आहे. ती किती दिवस ठेवणार, कोणाला दाखवणार, हे गाडीत मराठीत, उर्दूत लिहून लावायला काय हरकत आहे?

आणि पुढच्या पासिंगला साहेबांनी नुसते बटण आहे का, एवढेच बघू नये. ते दाबावे आणि केंद्रातून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावे.