गाडी फटाके मारते, खिसा आपला जळतो

भिगवण रोडवरून यायचं, कॉलेजच्या वळणावर रेस सोडायची आणि 'फट्ट!' गेटवरचे वॉचमन काका दचकतात, कट्ट्यावरची पोरं टाळ्या वाजवतात. तुमच्या ग्रुपमध्ये अशी एक सेकंडहँड स्कूटर नक्की असेल. कदाचित ती तुमचीच असेल. तसं असेल तर टाळ्या मनावर घेऊ नका, कारण तो फटाका तुमच्याच पैशांचा आहे. इंजिनात जळून चाक फिरवायला हवं होतं ते पेट्रोल न जळताच सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे हवा मिळाली की पेट घेतं. त्यामुळे 'आवाज येतो' आणि 'ॲव्हरेज देत नाही' या बऱ्याचदा एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी असतात.

मला हे कळायला तीन गॅरेज आणि अडीच हजार रुपये लागले. गाडी २०१८ ची, ११० सीसी, कार्बोरेटरवाली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पहिल्या गॅरेजमध्ये प्लग बदलला. दुसऱ्यात एअर फिल्टर बदलून कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्यात "ताई, हे इथेनॉलचं पेट्रोल आहे, आता असंच चालणार" म्हणत ट्युनिंगचे पैसे घेतले. फटाके चालूच राहिले.

आधी मला तिघांचाही राग आला. मग आठवलं, मी त्यांना काय सांगितलं होतं? "दादा, आवाज येतोय, जरा बघा ना. संध्याकाळी न्यायला येते." डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच म्हणायचं आणि निघून यायचं, तसलाच प्रकार. माहिती नसली की समोरचा अंदाजाने पार्ट बदलतो आणि त्या अंदाजाचं बिल आपण भरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: गाडी दुरुस्त करता आली नाही तरी चालेल, पण तिचं दुखणं सांगता आलंच पाहिजे.

एमआयडीसीतल्या एका छोट्या गॅरेजच्या काकांनी गाडीला हातही लावला नाही. तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "उत्तरं घेऊन ये, मग पाना घेतो." तेच तीन प्रश्न तुमच्यासाठी.

ॲव्हरेज नक्की किती?

'शंभराचं टाकलं, दोन दिवसांत संपलं' हे ॲव्हरेज नव्हे. टाकी फुल करा, मीटरचा फोटो काढा. दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा. त्याच पंपावर, तेवढ्याच पातळीपर्यंत पुन्हा फुल करा. जेवढे किलोमीटर झाले त्याला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. मात्र आधी मीटर चालतंय ना ते बघा, सेकंडहँड गाडीत मीटरची केबल तुटलेली असणं नवीन नाही. माझं उत्तर आलं २८. गाडी देणाऱ्याने ४५ सांगितलं होतं.

'फट्ट' कधी होतं?

रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून आवाज येत असेल, तर मिश्रणाचं प्रमाण बिघडलेलं असू शकतं किंवा इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडातलं पॅकिंग गळत असू शकतं. त्या फटीतून आत शिरलेली हवाच न जळलेल्या पेट्रोलला पेटवायला मदत करते. रेस देताना कार्बोरेटरच्या बाजूने फुसफुसत फुटत असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होतेय का, कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर गेलीय का, व्हॉल्व्हचं सेटिंग बिघडलंय का, हे बघायला सांगा. चालता चालता झटके देऊन फुटत असेल, तर संशय स्पार्कवर: प्लग, प्लगची कॅप, वायर. थंड असताना होतं की गरम झाल्यावर, हेही लिहून ठेवा.

प्लगचा रंग काय?

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढून बघा किंवा काढून दाखवायला सांगा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर हवा जास्त. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट ओला असेल, सोबत निळसर धूर असेल, तर इंजिन ऑइल जळतंय आणि खर्च मोठा आहे. गाडी अजून विकत घेतलेली नसेल तर तिथूनच नमस्कार करून परत या.

माझी उत्तरं होती: २८, रेस सोडल्यावर, काळी कोरडी काजळी. काकांनी सरळ चोककडे हात नेला. हँडलजवळचा खटका बंद दिसत होता, पण केबल अडकल्यामुळे कार्बोरेटरमधला चोक अर्धवट लागलेलाच राहत होता. सकाळच्या थंड इंजिनाला द्यायचा जादा डोस माझी गाडी दिवसभर पीत होती. वर सायलेन्सरचं पॅकिंग गेलेलं. केबल आणि पॅकिंग बदललं. फटाके बंद झाले, ॲव्हरेज ४४ वर आलं.

आता हिशेब करा. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील, तर २८ च्या ॲव्हरेजला साधारण ३६ लिटर लागतात, ४४ च्या ॲव्हरेजला २३. तेरा लिटरचा फरक. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. इंदापूर-बारामती रोज येणाऱ्या मुलासाठी ही रक्कम म्हणजे महिन्याभराच्या मेसचा मोठा हिस्सा.

आणि इथेनॉल? आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे हा विषय घराघरात आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं, हे खरं. जुन्या गाडीतले रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात, हेही खरं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात २० टक्के मिश्रणामुळे जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. काही जणांचा अनुभव याहून वाईट आहे. तो दुप्पट धरला तरी ४५ चं ४१ होईल, २८ होणार नाही. सगळं इथेनॉलवर ढकललं की खरा बिघाड तसाच राहतो.

एक चाचणी तर आपण पैसे देऊन करतो आणि वाचत नाही: पीयूसी. त्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. पहिला वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, दुसरा वाढलेला असेल तर ते न जळता बाहेर पडतंय. गाडी न नेता, नुसता नंबर सांगून पीयूसी काढणारे नियम तर मोडतातच, शिवाय स्वतःचाच रिपोर्ट फाडून टाकतात.

"आम्ही काय मेकॅनिक आहोत का?" असं तुम्ही म्हणाल. नाही, आणि व्हायचीही गरज नाही. पण बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा बनते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरातलं कुणीतरी एमआयडीसीत शिफ्टला जातं. स्कूटर बनवणाऱ्या गावातल्या पोरापोरींना चोक कशाला असतो हे माहीत नसावं, याची मला तरी लाज वाटली.

टायरमधली हवा कमी असणं, ब्रेक घासत राहणं हेही ॲव्हरेज खातं, त्यामुळे गॅरेजला जाण्याआधी तेही बघून घ्या. मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवलं की ब्रेकचं लगेच कळतं. मग या रविवारी टाकी फुल करा, मीटरचा फोटो काढा आणि आठवडाभर 'फट्ट' कधी होतं ते मोबाईलमध्ये लिहीत जा. पुढच्या वेळी मेकॅनिक दादांना "बघा ना" म्हणू नका. आकडा सांगा, वेळ सांगा, प्लगचा रंग सांगा. आणि काम होईपर्यंत तिथेच थांबा.