आधी हरलो म्हणा!

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांना हरता येत नाही. खेळाडूंना येतं, बऱ्याचशा कोचनाही येतं. येत नाही ते आम्हाला, स्टँडमध्ये आणि टीव्हीपुढे बसून ओरडणाऱ्यांना. सप्टेंबरमध्ये संघ एक गेम हरला की आमच्यात दोन तट पडतात. एक तट रात्र उलटायच्या आत कोचला हाकलायला निघतो. दुसरा ‘झालं ते बऱ्यासाठीच, आता बघा पोरं कशी पेटून उठतात’ म्हणत एकमेकांच्या पाठीवर थाप मारतो. दोघांनाही टाळायची असते ती एकच गोष्ट : झालेल्या पराभवाकडे डोळे उघडून बघणं. इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाचा संघ हा माझा संघ. २०२४ आणि २०२५ या दोन सीझनमध्ये आमच्या चाहत्यांचं जे वागणं मी पाहिलं, त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा हेल्मेट घालून, हातात चेंडू घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे सव्वाशेहून अधिक संघ वरच्या पातळीवर खेळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित सीझनचे जेमतेम १२ गेम येतात. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये २०२३ पर्यंत चारच संघ जायचे, २०२४ पासून बारा जातात. कोण जाणार हे ठरवायला एक निवड समिती बसते. फुटबॉलमध्ये नोटर डेम कुठल्याही कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या लीगचं, सभासद नाही, त्यामुळे कॉन्फरन्स जिंकून थेट आत शिरायची वाटही आम्हाला नाही. आमचं शेवटचं अजिंक्यपद १९८८ चं. म्हणजे सप्टेंबरमधला एक पराभव आम्हाला परवडत नाही आणि तरी तो दरवेळी आमच्या मानगुटीवर बसतो.

७ सप्टेंबर २०२४ चा गेम घ्या. आदल्याच आठवड्यात टेक्सास ए अँड एमच्या मैदानावर जाऊन आम्ही २३-१३ जिंकलो होतो. देशात पाचवा क्रमांक. घरच्या मैदानावर समोर होता नॉर्दर्न इलिनॉय, शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या डीकाल्ब गावातला संघ. हा गेम खेळायला त्यांना आम्ही सुमारे १४ लाख डॉलर मोजून आणलं होतं. मोठी विद्यापीठं अशी लहान संघांना पैसे देऊन बोलावतात, झोडपतात, चेक हातात ठेवतात आणि परत पाठवतात. सट्टेबाजांच्या हिशेबात आम्ही सुमारे २८ गुणांनी जिंकणार होतो.

आम्ही १६-१४ हरलो. कसे हरलो, ते नीट बघा. शेवटची सहाएक मिनिटं उरलेली, आम्ही १४-१३ असे एका गुणाने पुढे. अशा वेळी चेंडू घेऊन पळायचं, थोडं थोडं पुढे सरकायचं आणि घड्याळ खाऊन टाकायचं, हे शाळेतल्या कोचलाही कळतं. आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, लांब पास टाकला आणि तो त्यांच्या हातात गेला. मग जे आम्ही करायला हवं होतं ते त्यांनी केलं. शांतपणे चेंडू पुढे नेत घड्याळ संपवत आणलं आणि ३१ सेकंद उरले असताना ३५ यार्डांवरून किक मारून तीन गुणांचा फील्ड गोल केला. आमचा किकर मिच जेटर याने शेवटी ६२ यार्डांवरून मारलेली किक त्यांनी अडवली. त्याच गेममध्ये आमची आधीचीही एक किक त्यांनी अशीच अडवली होती. यात नशिबाचा भाग नव्हता. त्यांनी आमच्या पुढच्या फळीला मागे रेटलं, आमच्यापेक्षा जास्त यार्ड मिळवले आणि दडपणाखाली आमच्यापेक्षा शहाणे निर्णय घेतले.

त्यांचे कोच थॉमस हॅमक स्वतः त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. गेम संपल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांना रडू आवरेना. आमच्या चाहत्यांपैकी कितीजणांनी त्या माणसाचं मनापासून अभिनंदन केलं? माझ्या आसपास तरी मला कोणी दिसलं नाही. सगळी चर्चा ‘आपण कसे हरलो’ एवढीच. ते जिंकले, हे वाक्य कोणाच्या तोंडून निघेना. पैसे देऊन आणलेल्या पाहुण्याने आपल्यापेक्षा चांगला खेळ करून आपल्याला हरवलं, हे मान्य करायला ज्यांची जीभ रेटत नाही, त्यांनी स्वतःला खेळाचे चाहते म्हणवून घेऊ नये. ते फक्त स्वतःच्या मोठेपणाचे चाहते आहेत.

राग यायला कारण होतं, हेही तितकंच खरं. कोच मार्कस फ्रीमन यांच्या पहिल्याच सीझनमध्ये, २०२२ साली, घरच्या मैदानावर मार्शलने आम्हाला २६-२१ हरवलं होतं आणि पुढे स्टॅनफर्डनेही १६-१४. नॉर्दर्न इलिनॉय हा त्याच जातीचा तिसरा पराभव होता. एकदा झालं तर चूक म्हणता येतं, तीनदा झालं तर ती खोड असते. कमी ताकदीच्या संघापुढे ढिले पडण्याची खोड. तिच्याबद्दल कोचला जाब विचारणं हा चाहत्याचा हक्क आहे आणि तो बजावणाऱ्याला ‘संघावर विश्वास नाही का’ असं विचारून गप्प करणारे लोक संघाचं भलं करत नाहीत.

पण जाब विचारणं वेगळं आणि मुंडकं मागणं वेगळं. त्या रात्री आमच्यातल्या कित्येकांनी सीझन संपल्याचं जाहीर केलं, फ्रीमनना काढा म्हणून बोंब ठोकली. त्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं? पुढच्या शनिवारी पर्ड्यूला आम्ही ६६-७ लोळवलं आणि मग त्या सीझनमध्ये नियमित गेमपैकी एकही हरलो नाही. प्लेऑफमध्ये इंडियानाला २७-१७, जॉर्जियाला २३-१०, पेन स्टेटला २७-२४ हरवलं. पेन स्टेटविरुद्ध सात सेकंद उरले असताना ४१ यार्डांवरून विजयाची किक मारली ती मिच जेटरनेच. सप्टेंबरमध्ये ज्याची किक अडवली गेली तोच. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम गेममध्ये ओहायो स्टेटकडून ३४-२३ असे आम्ही हरलो, पण तिथपर्यंत आम्हाला नेलं त्याच कोचने, ज्याला दुसऱ्याच आठवड्यात आमचे लोक घरी पाठवायला निघाले होते.

इथे दुसरा तट कॉलर ताठ करतो. ‘बघा, तो पराभवच कामी आला!’ साफ चूक. पराभवात आपोआप शहाणं करणारी कसलीही शक्ती नसते. असती तर मार्शलच्या पराभवानंतर स्टॅनफर्डचा झाला नसता. आणि फ्लॉरिडा स्टेटकडे बघा. २०२३ मध्ये शेवटचा गेम सोडून बाकी तेराच्या तेरा गेम जिंकलेला हा संघ २०२४ चा सीझन उघडायला आयर्लंडमध्ये, डब्लिनला गेला आणि जॉर्जिया टेककडून २४-२१ हरला. त्यांचेही चाहते म्हणाले असणारच की आता पोरं पेटून उठतील. तो संघ २-१० वर संपला. नोव्हेंबरमध्ये आमची त्यांची गाठ पडली, तेव्हा निकाल होता ५२-३. दोघेही सुरुवातीलाच अनपेक्षित हरलेले. एक अंतिम फेरीत गेला, दुसरा गाळात. मग त्या पराभवाला श्रेय कसलं देता?

श्रेय द्यायचं तर कामाला द्या. त्या सप्टेंबरनंतर आमच्या संघाने आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे ओळखलं. आपला क्वार्टरबॅक लांब पासपेक्षा पायांनी जास्त घातक आहे हे मान्य करून त्याला पळवलं. जेरेमाया लव्हसारख्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, जिवावर आक्रमण उभं केलं. इंडियानाविरुद्ध त्याची ९८ यार्डांची धाव ज्याने पाहिली तो ती विसरणार नाही. बचावाचे कोच अल गोल्डन यांच्या फळीने समोरच्याचा चेंडू हिसकावण्याचा सपाटा लावला. ही आठवड्याच्या सात दिवसांची मेहनत होती आणि ‘होईल सगळं ठीक’ म्हणणारे तिचं श्रेय फुकटात नशिबाच्या खात्यावर टाकतात. मेहनत करणाऱ्या पोरांचा याहून मोठा अपमान नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की सप्टेंबरचं नुकसान डिसेंबरपर्यंत भरून निघतंच, त्यांना २०२५ ने उत्तर दिलं आहे. ऑगस्टअखेर पहिला गेम मायामीविरुद्ध त्यांच्या मैदानावर, २७-२४ हरलो. दुसरा घरच्या मैदानावर टेक्सास ए अँड एमविरुद्ध, ४१-४० हरलो. दोन गेम मिळून चार गुणांचा फरक. त्या दुसऱ्या गेममध्ये शेवटच्या टचडाउननंतर एका गुणाची साधी किक होती. चेंडू धरणाऱ्याच्या हातून तो निसटला आणि गुण गेला. मग १३ सेकंद उरले असताना, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, त्यांनी टचडाउन केलं आणि त्यांची एका गुणाची किक मात्र सरळ गेली. पुढचे दहाच्या दहा गेम आम्ही जिंकलो, प्रत्येक किमान दहा गुणांनी. आणि ७ डिसेंबरला समितीने आम्हाला प्लेऑफच्या दाराबाहेर उभं केलं. आमच्याइतकेच, १० विजय आणि २ पराभव असलेला मायामी मात्र आत गेला.

समितीचा कारभार गचाळ होता, हे मी ठामपणे म्हणतो. शेवटच्या आठवड्यात आम्हीही खेळलो नव्हतो आणि मायामीही. मंगळवारच्या यादीत आम्ही त्यांच्या वर होतो, रविवारी खाली. दोघेही न खेळता क्रम उलटतो, याचं पटणारं उत्तर कोणी दिलेलं नाही. पण समितीला शिव्या घालताना आमचे लोक मायामीने आम्हाला हरवल्याचं सोयीस्कर विसरले. समोरासमोर खेळून हरल्यावर त्याच संघाच्या पुढे बसवा असं मागायला तोंड हवं. ते आम्ही ऑगस्टमध्येच गमावलं होतं.

त्याहून वाईट पुढे घडलं. प्लेऑफ नाही तर काहीच नको, असं म्हणत विद्यापीठाने बाउल गेम, म्हणजे प्लेऑफबाहेरच्या संघांसाठी सीझनअखेर होणारा गेम, खेळायलाच नकार दिला. आणि आमच्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या! चार-चार वर्षं घाम गाळलेल्या मुलांचा शेवटचा गेम गेला. ज्यांना बाकावरून उठून पहिल्यांदा खेळायची संधी मिळाली असती त्यांची ती संधी गेली. हा स्वाभिमान नव्हे, हा रुसवा आहे. रुसून घरी बसणाऱ्या संघाने पुढच्या वर्षी झुंजायच्या गप्पा मारू नयेत आणि त्या रुसव्याला बाणेदारपणा म्हणणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आता ‘कोचला हाकला’वाल्यांच्या मागणीमागच्या पैशाकडे या. मुदतीआधी कोचला काढलं की करारातली उरलेली रक्कम द्यावी लागते. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरना काढलं तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या वर होता. आम्हाला सोडून लुईझियाना स्टेटला गेलेले ब्रायन केली ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून गेले, तेव्हाही पाच कोटी डॉलरहून मोठ्या रकमेची चर्चा झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये युसीएलए आणि व्हर्जिनिया टेकने पहिले तीन गेम हरताच कोच बदलले. हे पैसे बरेचदा देणगीदार देतात आणि देणगीदारांच्या हातात काठी देतो तो आपला आरडाओरडा. खेळाडूंना मात्र विद्यापीठाने थेट पैसे देण्याची मुभा मिळायला जुलै २०२५ उजाडावा लागला. न शिकवण्यासाठी कोट्यवधी आणि खेळण्यासाठी विद्यापीठाकडून इतकी वर्षं जवळपास फक्त शिष्यवृत्ती, या व्यवस्थेवर जो चाहता कधी एक अक्षर बोलला नाही, त्याने आपल्या संतापाला निष्ठा म्हणू नये.

आणि सट्टा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वाट मोकळी करून दिल्यापासून फोनवरून पैज लावणं चहा मागवण्याइतकं सोपं झालं आहे. पराभवानंतर एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना जे घाणेरडे निरोप जातात, त्यातले कितीतरी संघावरच्या प्रेमापोटी नसतात, बुडालेल्या पैशापोटी असतात. ज्याच्या हातून चेंडू निसटला त्या मुलाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. सोमवारी त्याला वर्गात जाऊन बसायचं असतं. त्याला धमकावणाऱ्याला स्टेडियमच्या फाटकातून आत सोडू नये, कायमचं.

आशा मलाही आहे आणि ती मी कोणापासून लपवत नाही. पण माझ्या आशेला आधार आहे. सी. जे. कार हा २०२५ मधला आमचा नवखा क्वार्टरबॅक. सुरुवातीपासून खेळायला मिळालेला पहिला कॉलेज गेम तो मायामीच्या मैदानावर खेळला, हरला, दुसराही हरला आणि मग सलग दहा जिंकला. एका सीझनमध्ये एखादा मुलगा एवढा वाढतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला मला श्रद्धेची गरज लागत नाही. आणि त्याच डोळ्यांनी मला हेही दिसतं की सलग दोन सीझन आमचा संघ पूर्ण तयार न होता मैदानात उतरला. ऑगस्टच्या सरावात काय कमी पडतं, दडपणाखाली चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हे आधी ठरतं का, किकच्या वेळची शिस्त का ढासळते, हे प्रश्न फ्रीमनना विचारलेच पाहिजेत. जिंकत असतानाही विचारले पाहिजेत.

पुढच्या सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा हरू शकतो. तसं झालं तर पहिल्या रात्री समोरच्या संघाला शाबासकी द्या, दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा लावून कुठे हरलो ते शोधा आणि शनिवारी पुन्हा स्टेडियममध्ये हजर राहा, आवाज बसेपर्यंत ओरडा. ज्याला कोचचं मुंडकं हवं आहे किंवा ज्याला नुसता दिलासा हवा आहे, त्याने तिकीट दुसऱ्याला द्यावं. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभं राहायला जागा हवी असलेली पोरं पुष्कळ आहेत आणि त्यांना हरल्यावरही संघ आपलाच वाटतो.