पाहुण्यांपुढे नाचवलेला तांडा

पुसदला मंत्री आला की फेटिया-कांचळीच्या बंजारा वेशातल्या पोरी स्टेजवर येतातच. आरशांचा लखलखाट, लेंगीचं एक गाणं, हारतुरे, मग भाषणं. लेंगी होळीची, पण १ जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीलाही ती खपते. घरी त्याच पोरींशी आईबाप आपल्या गोरबोलीत बोलत नाहीत, शाळेत हसं होईल म्हणून. मी गोरमाटी, म्हणजे बंजाराच आहे, म्हणून तोंडावर सांगतो: याला संस्कृती जपणं म्हणत नाहीत, पाहुण्यांची करमणूक म्हणतात.

जपायचंच असेल तर तांड्याचं जगणं संगीत नाटकात मांडा. असं नाटक काय करू शकतं, ते १९६४ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’मध्ये बघा. झारच्या रशियातला गरीब ज्यू दूधवाला आणि त्याच्या मुली. थोरली म्हाताऱ्या खाटकाचं स्थळ नाकारून शिंप्याशी लग्न करते, दुसरी क्रांतिकारकाच्या मागे सैबेरियात जाते. बाप कुरकुरत दोन्ही पचवतो. तिसरी ख्रिश्चनाशी लग्न करते, तेव्हा मात्र दार लावून घेतो. शेवटी सगळं गावच हाकललं जातं. ३,२४२ प्रयोग झाले. प्रेक्षकांत अशाच गावांतून आलेल्यांची नातवंडं होती. आजोबांचा हेकटपणा त्यांनी तिकीट काढून पाहिला.

मराठीला हे नवं नव्हतं. पैशांसाठी म्हाताऱ्याला पोरगी देणारा बाप देवलांनी १८९९ सालीच ‘संगीत शारदा’त उघडा पाडला. पण ते घर ब्राह्मणाचं. तांड्याकडे यायला निघालेली संगीत नाटकाची पेटी वाटेत कुठे अडकली, कोण जाणे.

चाली तर आमच्याकडे तयार आहेत. सासरी निघताना नवरी रडत गाते तो ढावलो आता डीजेखाली चिरडला जातो. रेल्वेनं मीठ वाहून नेण्याची आमची लदेणी संपवली, इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, आज तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. कथानकही दारातच आहे. गहुलीच्या तांड्यातल्या वसंतराव नाईक नावाच्या तरुण वकिलानं १९४१ साली नागपूरच्या वत्सला घाटे या ब्राह्मण मुलीशी लग्न केलं. पुढे तो अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिला. त्या लग्नाचं आम्ही भाषणात कौतुक करतो, आणि स्वतःच्या पोरीनं कोराशी, म्हणजे समाजाबाहेरच्याशी, लग्न ठरवलं की तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांना बोलावून बैठक बसवतो. हा अंक कुणी लिहायला घेतलाच, तर पहिली धमकी बाहेरून येणार नाही. आमच्याच समाजभूषणांचा फोन येईल.