मृताचे संदेश वारसांचे नव्हेत

माणूस गेला की त्याचा खासगीपणाही संपतो, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आपल्याकडचे निकाल आहेत. जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाविरुद्ध त्यांची भाची न्यायालयात गेली, तेव्हा खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. चित्रपटापुरते हे मला मान्य आहे. सार्वजनिक आयुष्यावर नातेवाइकांचा पहारा नको. पण त्यावरून मृताचा इनबॉक्स कुणालाही मोकळा झाला, असा अर्थ काढणे साफ चूक आहे.

दुसरा पक्ष अधिक वजनदार आहे. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना कळेना. फेसबुकने खाते गोठवल्यामुळे पासवर्ड असूनही आत जाता येईना. २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आईच्या बाजूने कौल दिला: पत्रे, रोजनिशी वारसांकडे जातात, तसे खातेही जाते.

त्या आईसमोर हे बोलायला जीभ रेटत नाही, तरी बोलायला हवे. पत्रांचा हा दाखला लागू पडत नाही. पेटीतली पत्रे माणसाने निवडून ठेवलेली असतात, नकोशी त्याने फाडलेली असतात. खात्यात सगळेच आपोआप साठते, आणि त्यातले निम्मे शब्द दुसऱ्याचे असतात. त्या मुलीला रात्री मन मोकळे करून लिहिणारी मैत्रीण जिवंत आहे. तिला कुणी विचारले? मृत्यूचे कारण शोधायचे असेल तर न्यायालयाने नेमलेल्या माणसाने शेवटच्या काही आठवड्यांचे संदेश पाहावेत आणि त्या कारणापुरते आईला सांगावे. त्यासाठी अख्खे खाते कशाला?

मुळात माणूस सर्वांत जास्त लपवतो ते घरच्यांपासून, आणि वारस असतात ते घरचेच. आपला हिंदू उत्तराधिकार कायदा पाहा. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर कलम १५ प्रमाणे तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. बर्लिनचा न्याय इथे आणला तर सासरच्या जाचाबद्दल तिने बहिणीला लिहिलेले सारे सासरच्यांच्याच हाती पडेल. आईबापांना न सांगता एखाद्या मुलावर प्रेम करणारा मुलगा गेला, तर त्याच्यामागे राहिलेल्या त्या दुसऱ्या मुलाचे काय होईल, याचा विचार करून अंगावर काटा येतो.

म्हणून माझे म्हणणे असे: फोटो, पैशांचे व्यवहार, खाते बंद करण्याचा अधिकार वारसांना जरूर द्या, संदेश मात्र बंदच राहू द्या. फेसबुकने २०१५ पासून दिलेल्या वारस-संपर्काच्या सोयीत नेमलेल्या व्यक्तीला संदेश वाचता येत नाहीत, हे योग्यच आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम १४ मृत्यूनंतरसाठी नॉमिनी नेमण्याचा हक्क देते, पण नॉमिनी नेमलाच नसेल तर काय, यावर ते गप्प आहे. ती उणीव भरून काढावी. नॉमिनीच्या अर्जात ‘संदेश वाचू द्यावेत का’ असा स्वतंत्र रकाना असावा, आणि तो कोरा राहिला किंवा अर्जच भरलेला नसला, तर उत्तर ‘नाही’ धरावे.