शिकवण्याचा आनंद आणि संस्थाचालकांची सत्ता

खाजगी शाळांतील शिक्षकांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला. त्याची नियमावली १९८१ साली आली. संस्थाचालकाची मर्जी गेली की नोकरी गेली, हा पुष्कळ ठिकाणचा शिरस्ता या कायद्याने मोडला. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलले जाणे, यांविरुद्ध तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क शिक्षकाला मिळाला. या विजयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शिक्षकाला वाकवू पाहणाऱ्यांनीही या कायद्यातून आपला धडा घेतला : काढायचे नाही, कुजवायचे.

तालुक्याच्या गावच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षिकेची हकीकत या दृष्टीने प्रातिनिधिक आहे. अकरा वर्षे या बाई नववी-दहावीला भूमिती शिकवीत होत्या. शालेय समितीवर शिक्षक प्रतिनिधी असताना त्यांनी एका बैठकीत विचारले की, मुलांकडून इमारतीसाठी घेतलेल्या पैशांच्या पावत्या का दिल्या जात नाहीत? उत्तर मिळाले नाही; जूनमध्ये नवे वेळापत्रक मिळाले. भूमितीचे सारे तास काढून घेतलेले, त्यांच्या जागी कार्यानुभव, आणि उरलेले गैरहजर शिक्षकांच्या वर्गावरचे बदली तास! मग मेमो सुरू झाले. चार मिनिटे उशीर झाला म्हणून मस्टरवर लाल शेरा. टाचणवही अपूर्ण म्हणून मेमो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळत नाही म्हणून मेमो, आणि तो हिशेब त्यांच्याकडे आला होता त्याच आठवड्यात. मुलांदेखत उभे करून जाब विचारणे हा तर नित्यक्रमच झाला.

सर्वांत जिव्हारी लागली ती मात्र शिक्षक-खोली. बाई आत आल्या की बोलणे थांबे. सहकारी मनाने वाईट होते असे नाही. ते भ्यालेले होते. त्यांच्यात दोघे शिक्षण सेवक होते. तीन वर्षे मानधनावर काढल्याखेरीज ज्याला वेतनश्रेणी मिळत नाही, त्याने कोणाच्या शेजारी बसून डबा उघडावा हेसुद्धा संस्थाचालक ठरवू शकतो. २००० सालापासून चालत आलेल्या या योजनेने सरकारचे किती पैसे वाचले याचा हिशेब निघू शकेल. तिने शिक्षक-खोल्यांत किती भय साठवले, याचा कोणी काढलेला नाही.

यातले काहीच न्यायाधिकरणापुढे नेण्याजोगे नव्हते. पगार चालू, पद कायम, सेवापुस्तक शाबूत. औद्योगिक विवाद कायद्याचा आसरा घ्यावा, तर गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. अध्यापन हे उदात्त व्रत आहे. गौरवाचा हार घालतानाच हातातले साधन काढून घ्यावे, तसे हे झाले! स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १९९३ सालीच नियम केले, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली त्याविषयी करार संमत केला. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. निव्वळ सत्तेच्या जोरावर चालणाऱ्या छळाला मात्र कायद्यात अद्याप नावही नाही.

दुसऱ्या वर्षी बाई शाळेत नुसत्या हजर राहू लागल्या. घड्याळाकडे पाहत तास संपवायचा आणि घरी जायचे. ज्या कामात मन नाही ते काम माणसाला कसे पोखरते, हे गिरणीतल्या मजुराला ठाऊक असते. शिक्षकालाही ते कळते, फक्त त्याच्या बाबतीत समोर चाळीस मुले बसलेली असतात.

बदल झाला तो डिसेंबरातल्या एका दुपारी, कार्यानुभवाच्याच तासाला. कागदी फुले करून कंटाळलेल्या आठवीच्या एका मुलाने विचारले, “बाई, झेंड्याचा खांब किती उंच असेल?” बाईंनी वर्ग बाहेर काढला. मीटरपट्टी उभी धरली. तिची सावली भरली १२० सेंटिमीटर. खांबाची सावली भरली ८ मीटर ४० सेंटिमीटर. म्हणजे खांब ७ मीटर. समरूप त्रिकोण हा शब्दही न ऐकलेली ती मुले क्षणभर गप्प झाली, आणि मग एका मुलीने विचारले, “मग वर न चढता पाण्याची टाकीपण मोजता येईल?” टाकी मोजली, कडुनिंब मोजला. घंटा केव्हा झाली ते कोणाला कळले नाही. सकाळी हाती पडलेला मेमो पर्समध्ये न उघडताच राहिला होता, हे बाईंना रात्री आठवले. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. तेही कोणत्या वेळापत्रकात बसणारे नव्हते.

हाडाचा शिक्षक कोठेही फुलतो, असा निष्कर्ष यातून काढणे संस्थाचालकांना फार सोयीचे होईल. तो काढू देता कामा नये. बाईंना त्यांचा आनंद सापडला तो संस्थेच्या कृपेने नव्हे. आणि दोन वर्षे नववी-दहावीच्या मुलांची जी भूमिती बुडाली, ती काही त्या सावलीने भरून निघाली नाही. शिवाय तो आनंद एकट्याने टिकलाही नसता. खांब मोजल्याची गोष्ट शिक्षक-खोलीत पोहोचली, तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी आपला डबा उचलला आणि ते बाईंच्या शेजारी येऊन बसले. महिन्याभरात शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलेल्या पत्रावर नऊ सह्या होत्या. त्यांत एका शिक्षण सेवकाचीही होती.

जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक मोठ्या संख्येने संपात उतरले. ती एकजूट खरी होती. मग मागण्यांच्या सनदेत वेळापत्रकाला जागा का नसावी? शिक्षकाचा विषय काढून घ्यायचा तर लेखी कारण द्यावे लागेल, मेमोविरुद्ध संस्थेबाहेर अपील करता येईल, आणि छळाची तक्रार ऐकण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असेल, एवढी दुरुस्ती १९७७ च्या कायद्यात करणे अवघड नाही. संघटनांनी ती मागितली पाहिजे.

गेल्या जूनमध्ये लागलेल्या वेळापत्रकात नववी ‘ब’ची भूमिती पुन्हा बाईंच्या नावावर आली आहे. मेमो मात्र संस्थेने मागे घेतलेले नाहीत, आणि इमारतीच्या पैशांच्या पावत्याही अजून मिळायच्या आहेत.