मार्गदर्शकाला कोण शिकवणार?

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने सहा वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा तिच्या आईने मजल्यामजल्यावर पेढे वाटले होते. परवा ती मुलगी प्रबंधाचे तिसरे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. गाइडांकडे ते चार महिने होते. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत दोनच शब्द होते : 'पुन्हा लिहा.'

''काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. यात काय चुकलंय, तुम्हीच सांगा ना.''

विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचा. समाजशास्त्रातले मला काही कळत नाही. पण मुलाखती जिवंत होत्या आणि मूळ प्रश्न एकतिसाव्या पानावर दडून बसला होता, एवढे कुणाही सवयीच्या वाचकाला दिसले असते. तो पहिल्या पानावर आण, म्हटले. मुलीच्या डोळ्यांत पाणीच आले. चार महिने ती आपली अक्कल कमी पडते, असे समजून बसली होती.

तिचे सर दुष्ट नाहीत. विद्वान आहेत, विद्यार्थ्याला घरची भाजी आणायला लावणाऱ्यांपैकी तर मुळीच नाहीत. त्यांच्या गाइडांनी त्यांना असेच वागवले, म्हणून मार्गदर्शन म्हणजे हेच, असे त्यांना वाटते. सुनेने सासू झाल्यावर करावे, तसे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नोव्हेंबरात पीएच.डी.चे नवे नियम काढले. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार. गाइड होण्यासाठी स्वतःची पीएच.डी. हवी आणि शोधनिबंध हवेत. प्राध्यापक व सहयोगींना किमान पाच, सहायकांना तीन. विद्यार्थ्याला आधी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, त्यात संशोधनातली नीतिमत्ताही असते. अध्यापनाचे प्रशिक्षणसुद्धा विद्यार्थ्यालाच. मार्गदर्शकाने मार्गदर्शन कुठे शिकावे, याची अट मात्र नाही. पहिली-दुसरीला शिकवायचे तर आपण पदविका मागतो. इथे एका माणसाची सहा वर्षे दुसऱ्याच्या हाती सोपवताना काहीच मागत नाही. ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांत पहिला विद्यार्थी मिळण्याआधी गाइडाला यासाठी वर्गात बसावे लागते. तिथल्या विद्वानांना त्यात कमीपणा वाटत असेलही, पण बसतात.

यात कमीपणा कसा वाटतो, ते मला ठाऊक आहे. बँकेत शाखाधिकारी झालो, तेव्हा हाताखालच्यांनी तयार केलेल्या कर्जप्रस्तावांवर मीही 'चर्चा करावी' असा शेरा मारून ते परत करीत असे. चर्चेला वेळ मात्र देत नसे. पुढे प्रशिक्षण केंद्रात आम्हा वीस जणांच्या हाती एक जुना प्रस्ताव दिला आणि सांगितले, असा शेरा लिहा की वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचे ते कळेल. मग एकेकाचा शेरा मोठ्याने वाचला. माझा वाचला तेव्हा हशा पिकला. संध्याकाळी मी कुणाशी धड बोललो नाही. पण तो शेरा पुन्हा कधी माझ्या पेनातून उतरला नाही.

माझे एक प्राध्यापक मित्र म्हणतात, ''गाइड घडवता येत नाही, तो मुळातच असावा लागतो.'' थोर गाइड घडवता येणार नाही, कबूल. पण प्रकरण किती दिवसांत परत द्यायचे, निबंधावर कुणाचे नाव आधी घालायचे, विद्यार्थिनीची भेट कुठे आणि कोणत्या वेळी ठेवायची, हे काम जमत नसेल तर पहिल्याच वर्षी तसे कसे सांगायचे, यांत थोरपणा कुठे लागतो? त्यांची दुसरी भीती खरी आहे. तीन दिवसांची कार्यशाळा, बटाटेवडा, समूहछायाचित्र आणि प्रमाणपत्र! असली प्रशिक्षणे मीही केली आहेत. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की व्याख्याने नकोत. एखाद्या विद्यार्थ्याचे खरे प्रकरण नाव झाकून समोर ठेवा, वीस गाइडांना अभिप्राय लिहायला सांगा आणि ते अभिप्राय मोठ्याने वाचा.

नियमांप्रमाणे दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची असते. पण गाइड शेजारीच बसलेले असताना कोणता विद्यार्थी म्हणेल, की मला सांगितले काय तेच कळत नाही?

मुलीने प्रकरण नव्याने लिहिले आहे. सोमवारी ती सरांना भेटेल. मी तिला सुचवले, जाताना एक कोरा कागद ने आणि विचार, ''सर, पुढच्या भेटीपर्यंत यातल्या कोणत्या दोन गोष्टी करू?''

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''काका, असं विचारलेलं चालेल त्यांना?''