पायाखालच्या खडकाचा धडा

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली आणि गोसीखुर्दचे पाणी वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांना मिळण्याची आशा निर्माण झाली. मात्र वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी का आटतात, हा प्रश्न कालव्यांच्या चर्चेत मागे पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी भूशास्त्रात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून येथील बेसाल्ट खडक तयार झाला. वाळूप्रमाणे तो सर्वत्र पाणी धरून ठेवत नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि थरांमधील सांध्यांत. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्याही अनेक ठिकाणी खनिजांनी भरून गेल्या आहेत. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवरील झिओलाइटचे गोटे ही त्याचीच खूण होय. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही आख्यायिका याच गोट्यांभोवती गुंफलेली आहे.

त्यावर काळ्या मातीचा थर. पावसाने ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. मोठ्या सरींचे पाणी मग धाम, बोर, वेणा या नद्यांवाटे वर्धा नदीकडे वाहून जाते.

त्यामुळे बोअर जितकी खोल तितके पाणी अधिक, हा समज बेसाल्टमध्ये अनेकदा महागात पडतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली आहे. परंतु खडकाचा स्वभाव गावाला उमगला नाही, तर कायदा कागदावरच राहण्याची भीती असते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या जिल्ह्याचा समावेश करावा लागला, तेथे एक कोरडी बोअर म्हणजे कर्जाचा आणखी एक बोजा ठरतो.

अग्निजन्य खडक, झीज, भूजल हे शब्द शालेय भूगोलात येतात. पण ते परीक्षेपुरतेच उरतात. १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून कामातून शिक्षणाचा, म्हणजेच नई तालीमचा विचार देशापुढे आला. त्याला अनुसरून विद्यार्थ्यांनी गावच्या विहिरीत दिसणारे थर ओळखावेत, पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याची पातळी मोजावी आणि त्या नोंदी ग्रामसभेपुढे मांडाव्यात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. कालव्याचे पाणी यायला वेळ लागेल. तोवर बोअर कुठे घ्यावी आणि कुठे टाळावी, एवढे तरी गावाला ठरवता आले पाहिजे.